सही न करणारा रॅपर: शिकागोच्या चान्सचं प्रकरण

12 फेब्रुवारी 2017 च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी पुरस्कार जाहीर झाले. शिकागोच्या 23 वर्षांच्या चान्स द रॅपरला तीन मिळाले: सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार, सर्वोत्कृष्ट रॅप सादरीकरण आणि सर्वोत्कृष्ट रॅप अल्बम. ज्या 'कलरिंग बुक'ला अल्बमचा पुरस्कार मिळाला, तो विकायला काढलेलाच नव्हता. सीडी नाही, पैसे भरून डाउनलोड नाही, फक्त स्ट्रीमिंग. केवळ स्ट्रीमिंगवर आलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. आणि चान्सचा कोणत्याही लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, करार नव्हता. त्याने तो कधी केलाच नव्हता.

हे प्रकरण बहुतेक वेळा 'एकट्या पोराने कंपन्यांना हरवलं' अशा थाटात सांगितलं जातं. रॅप करणारी आपल्याकडची मुलंही ते तसंच ऐकतात आणि विचारतात, मग आम्हीही गाणी फुकट टाकत राहायची का? मला हे प्रकरण पुन्हा नीट मांडावंसं वाटतं ते या प्रश्नामुळे. गाणी फुकट देणं हा चान्सच्या वाटेतला एक डाव होता. त्याने जपलं ते वेगळंच: गाणं कसं असेल, कधी येईल, कुणाच्या नावाने येईल, कुणाला किती पैशात मिळेल, हे सगळं ठरवायचा हक्क. तो हक्क एकट्याच्या जोरावर टिकत नाही. आणि तो हातात असला की चुकीचा भारही त्याच हातावर येतो. चान्सच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, म्हणून नुसत्या यशोगाथेपेक्षा हे प्रकरण जास्त उपयोगाचं आहे.

लायब्ररीतला स्टुडिओ

चान्सचं खरं नाव चान्सलर जोनाथन बेनेट. जन्म 16 एप्रिल 1993, शिकागोच्या दक्षिण भागातल्या वेस्ट चॅटमचा. वडील शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांच्याकडे आणि पुढे सिनेटर ओबामांकडे कामाला होते. आई इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात. म्हणजे घर गडगंज नव्हतं, पण पाठीशी आधार होता. हे आवर्जून सांगायला हवं, कारण कंपनीचा धनादेश परत करायला आधी घरात जेवणाची सोय असावी लागते. ज्याच्या घरी ती नाही, त्याने करारावर सही केली तर त्याला कमी लेखायचा अधिकार कुणालाच नाही.

जोन्स कॉलेज प्रेप या शाळेत शेवटच्या वर्षाला असताना गांजा सापडला म्हणून त्याला दहा दिवसांसाठी काढून टाकलं. त्या दिवसांत त्याने गाणी लिहायला आणि रेकॉर्ड करायला घेतलं. त्यातूनच एप्रिल 2012 मध्ये 'टेन डे' ही पहिली मिक्सटेप, म्हणजे स्वतःच काढलेला गाण्यांचा संग्रह, आली, आणि नावही त्या शिक्षेवरूनच पडलं.

पण रेकॉर्डिंगला पैसे कुठून आणायचे? शहराच्या मध्यभागी हॅरल्ड वॉशिंग्टन लायब्ररी आहे, म्हणजे ज्यांच्याकडे त्याचे वडील काम करत त्याच महापौरांच्या नावाची. तिथे 2009 मध्ये शाळकरी मुलांसाठी यूमीडिया नावाचा विभाग सुरू झाला. संगणक, कॅमेरे, माइक आणि छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ, सगळं मोफत. शाळा सुटली की मुलं तिथे यायची. आठवड्याला ओपन माइक, म्हणजे कुणीही उभं राहून काहीही सादर करायचा कार्यक्रम, व्हायचा आणि तो चालवायचे माइक हॉकिन्स. त्यांना सगळी मुलं 'ब्रदर माइक' म्हणायची. चान्सने तिथे कविता म्हटल्या, रॅप केलं, समवयस्क पोरांसमोर चुकला आणि पुन्हा उभा राहिला. लोकांना भावणारी ओळ कोणती आणि पडणारी कोणती, हे त्याला बाजाराने नाही, या खोलीने शिकवलं. ब्रदर माइक डिसेंबर 2014 मध्ये गेले. पुढे चान्सने शाळकरी मुलांसाठी ओपन माइक सुरू केला, त्याला त्यांचंच नाव दिलं.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मोलाचा भाग हाच वाटतो, आणि सांगताना लोक नेमका तोच गाळतात. लेबल नवख्या कलाकाराला तीन गोष्टी देतं: स्टुडिओ, जाणकार कान आणि ओळखी. या तिन्ही गोष्टी चान्सला आधीच एका सार्वजनिक वाचनालयात मिळाल्या होत्या, एक पैसाही न देता आणि कुठेही सही न करता. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय म्हणजे वर्तमानपत्रांचं लांब टेबल, दिवाळी अंकांची योजना आणि स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. यातली प्रत्येक गोष्ट गरजेचीच आहे. पण अभ्यासिकेशेजारी एक आवाजबंद खोली आणि एक माइक ठेवायला फार मोठा खर्च येत नाही.

उचल कशी फिटते

चान्सने नेमकं काय नाकारलं हे कळायला लेबलचा करार कसा चालतो ते पाहावं लागतं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं आणि मग कोयत्याने ती फेडत बसतं, तसाच हा व्यवहार आहे. लेबल कलाकाराला आगाऊ रक्कम देतं. ती बक्षीस नसते, ती कलाकाराच्या वाट्यातून वसूल होते.

समजा, उचल 50 लाखांची आणि कलाकाराचा वाटा शेकडा 15. गाण्यांनी एक कोटी कमावले तर त्याच्या नावावर पडतात 15 लाख, आणि तेही हातात येत नाहीत, उचलीत वळते होतात. 35 लाखांचं देणं उरतंच. वर व्हिडिओचा खर्च, जाहिरातीचा खर्च, स्टुडिओचं भाडं यातलंही बरंचसं त्याच खात्यावर चढतं. कंपनीने मात्र तोवर 85 लाख वेगळे मिळवलेले असतात. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक करारात ते बदलतात. सीडीची विक्री घसरल्यानंतरच्या काळात तर कंपन्यांनी मैफिली, टी-शर्ट आणि जाहिरातींच्या कमाईतही हिस्सा मागायला सुरुवात केली.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी. नेहमीच्या करारात ती कंपनीकडे जाते. उचल फिटली तरी मास्टर परत येईलच असं नाही. आणि गाणं बाहेर कधी येणार तेही कंपनीच ठरवते. 'कलरिंग बुक'मधल्या ज्या गाण्याला ग्रॅमी मिळालं त्यात चान्स लेबलवाल्यांना दटावतो. त्याच गाण्यात लिल वेन हा रॅपर पाहुणा आहे. वेनने 2015 च्या जानेवारीत आपल्या लेबलवर 5 कोटी 10 लाख डॉलरचा दावा लावला होता, कारण त्याचा तयार अल्बम अडवून ठेवला होता. तो अल्बम शेवटी सप्टेंबर 2018 मध्ये बाहेर आला. चान्सच्या शेजारी माइकवर उभा असलेला माणूसच अशा कराराचं चालतंबोलतं उदाहरण होता.

फुकट, पण विचार करून

30 एप्रिल 2013 ला दुसरी मिक्सटेप आली, 'अ‍ॅसिड रॅप'. इंटरनेटवर मोफत डाउनलोड. त्या काळात सगळ्या कंपन्यांचं लक्ष शिकागोवर होतं, पण ते ड्रिल या थंड, हिंसेचं थेट वर्णन करणाऱ्या शैलीकडे. 2012 मध्ये चीफ कीफ या पोरसवदा रॅपरला मोठ्या लेबलने उचललं होतं आणि सगळ्यांना त्याच्यासारखाच दुसरा हवा होता. चान्सच्या गाण्यात मात्र जॅझची ट्रम्पेट, चर्चमधलं समूहगान, शिकागोच्या नाचघरांतला जूकचा वेगवान ठेका आणि त्याचा तो चिरका, खिदळता आवाज. तो त्याच शहराबद्दल बोलत होता. 2011 मध्ये त्याच्या एका मित्राला भोसकून मारलं होतं आणि तो तिथे हजर होता. 'अ‍ॅसिड रॅप'मध्ये एका गाण्याच्या पोटात, काही सेकंदांच्या शांततेनंतर, दुसरं गाणं लपवलेलं आहे. उन्हाळा आला की शहरात गोळीबार वाढतो, म्हणून उन्हाळ्याचीच धास्ती वाटणाऱ्या मुलाचं ते गाणं आहे. नाचता येईल अशा गाण्यानंतर अचानक ते येतं. हा क्रम त्याने स्वतः ठरवला, आणि मला तो आजही ऐकताना तितकाच लागतो. मोठ्या कंपनीच्या बैठकीत तो तसाच राहिला असता असं मला वाटत नाही.

याच मिक्सटेपबद्दल दोन गोष्टी जरा जवळून बघण्यासारख्या आहेत.

पहिली अशी. 2013 च्या उन्हाळ्यात 'अ‍ॅसिड रॅप' बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या रॅप आणि आर अँड बी (कृष्णवर्णीयांचं लोकप्रिय संगीत) अल्बमच्या खपाच्या यादीत 63 व्या क्रमांकावर दिसली. फुकटची मिक्सटेप विक्रीच्या यादीत आली कशी? कुणीतरी तिच्या सीडी छापून परस्पर विकल्या होत्या. चान्सचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. म्हणजे आपण किंमत लावली नाही म्हणून मालाला किंमत नसते असं नाही, फक्त ती दुसरंच कुणी वसूल करून जातं. फुकट देणाऱ्याने आपला हक्क लेखी स्वतःकडे ठेवलाच पाहिजे, हे यातून उघड दिसतं.

दुसरी गोष्ट सहा वर्षांनंतरची. जून 2019 मध्ये त्याने 'अ‍ॅसिड रॅप' स्ट्रीमिंगवर आणली, तेव्हा तिच्यातलं 'जूस' हे लोकांचं लाडकं गाणं आलंच नाही. त्यात डॉनी हॅथवे या गायकाच्या एका जुन्या मैफिलीतला तुकडा वापरला होता आणि त्याची परवानगी तेव्हा मिळाली नव्हती. त्या जागी अर्ध्या मिनिटाचा चान्सचा आवाज होता: गाणं का नाही ते सांगणारा, आणि हा निरोप जितक्यांदा वाजेल त्याचे पैसे आपल्या सोशलवर्क्स या संस्थेला जातील असं सांगणारा. फुकटच्या मिक्सटेपमध्ये दुसऱ्याचा तुकडा वापरला तर सहसा कुणी मागे लागत नाही. त्या गाण्याचे पैसे सुरू झाले की मालक दारात उभा राहतो. घरी बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, बनवणाऱ्या आणि जुन्या मराठी गाण्यांचे तुकडे कापून वापरणाऱ्या आपल्या मुलांनी हे अर्धं मिनिट जरूर लक्षात ठेवावं.

मग पोट कशावर चालत होतं? मैफिलींवर. 2012 मध्ये त्याने चाइल्डिश गॅम्बिनो या रॅपरच्या दौऱ्यात आधीचा कार्यक्रम केला, पुढच्या वर्षी मॅक मिलरच्या दौऱ्यात. गाणं फुकट ऐकलेला माणूस तिकीट काढून येतो आणि जाताना टी-शर्ट घेऊन जातो. तिसऱ्या मिक्सटेपच्या, म्हणजे 'कलरिंग बुक'च्या वेळी त्याने '3' हा आकडा असलेली टोपी घालायला सुरुवात केली, आणि ती टोपी दुकानातून तुफान खपली. शिवाय जाहिराती होत्या. हे सगळं जुळवणारा व्यवस्थापक होता पॅट कोरकोरन. कंपनीचे चार विभाग जे करतात ते या छोट्या गोतावळ्याने अंगावर घेतलं होतं.

समोर ट्रम्पेटवाल्याचं नाव

'अ‍ॅसिड रॅप'नंतर प्रत्येक लेबलला चान्स हवा होता. कुठलाही हिशेबी माणूस सांगेल, लगेच स्वतःच्या नावाचा अल्बम काढ. त्याने काढला नाही. 2015 च्या मे महिन्यात 'सर्फ' हा अल्बम आयट्यून्सवर मोफत आला आणि त्यावर पहिलं नाव होतं डॉनी ट्रम्पेट, म्हणजे त्याचा शाळकरी वयापासूनचा मित्र, ट्रम्पेट वाजवणारा निको सीगल. चान्स त्या वाद्यवृंदातला एक. गाण्यांत बस्टा ऱ्हाइम्स, जे कोल, एरिका बाडू अशी मोठमोठी नावं होती, पण गाण्यांच्या यादीत पाहुण्यांची नावं दिलेलीच नव्हती. ऐकता ऐकता ओळखीचा आवाज कानावर पडायचा तेव्हा कळायचं.

व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच. पण त्या वर्षात चान्स एका मांडावर, सगळ्यांच्या मध्ये, गाणं उभं करायला शिकला आणि ते पुढच्या वर्षी 'कलरिंग बुक'मध्ये स्पष्ट ऐकू येतं. मुलांचा वृंद, कर्क फ्रँकलिनसारखा गॉस्पेल संगीतातला मोठा माणूस, चर्चमधल्या प्रार्थनेसारखी चढत जाणारी गाणी. मुखपृष्ठ ब्रँडन ब्रूच्या हातचं आहे. त्याने आधीच्या दोन्ही मिक्सटेपची मुखपृष्ठंही केली होती. त्यात चान्स खाली बघून हसतो आहे, कशाकडे ते दिसत नाही. चित्राच्या चौकटीबाहेर त्याची काही महिन्यांची मुलगी आहे. तिला हातात घेतल्यावर त्याचा चेहरा जसा झाला, तो चित्रकाराने पकडला.

ग्रॅमी स्वीकारताना त्याने स्टेजवरून जे सांगितलं त्याचा आशय असा होता: स्वतंत्र म्हणजे सगळं एकट्याने करणारा असं लोकांना वाटतं, माझ्यासाठी ते मोकळीक आहे, आणि मी हे सगळं या माझ्या माणसांबरोबर केलं. 'सर्फ' ठाऊक असेल तर या बोलण्यामागे दोन वर्षांचं काम दिसतं.

पाच लाख डॉलरचे दोन आठवडे

'कलरिंग बुक' 13 मे 2016 ला आलं, पण पहिले दोन आठवडे फक्त अ‍ॅपल म्युझिकवर. लोकांना शंका आली: लेबल नाही म्हणतो, मग हे काय? मार्च 2017 मध्ये चान्सने स्वतःच हिशेब जाहीर केला. अ‍ॅपलने दोन आठवड्यांच्या हक्कासाठी पाच लाख डॉलर आणि एक जाहिरात दिली, त्यानंतर गाणी सगळ्यांना मोफत खुली झाली. पैशाची गरज होती हेही त्याने लपवलं नाही.

काहींना यात दांभिकपणा दिसला. मला उलट इथे त्याची भूमिका सर्वात स्वच्छ दिसते. त्याने विकले ते चौदा दिवस. मास्टर विकलं नाही, पुढचा अल्बम गहाण टाकला नाही, मैफिलीतला हिस्सा दिला नाही. कंपनीशी व्यवहारच करायचा नाही अशी शपथ त्याने कधी घेतली नव्हती. व्यवहाराची मुदत छोटी आणि हद्द आखलेली असावी एवढंच त्याने पाहिलं. आणि रक्कम उघड करून त्याने नव्या कलाकारांना एक मोजपट्टी दिली. या धंद्यात करारातले आकडे गुप्त ठेवण्यातच कंपनीची निम्मी ताकद असते.

पहिल्या आठवड्यात ही गाणी 5 कोटी 73 लाख वेळा ऐकली गेली. बिलबोर्डच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे दीड हजार वेळा ऐकणं म्हणजे एक अल्बम, म्हणून हे सुमारे 38 हजार अल्बम धरले गेले आणि 'कलरिंग बुक' बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत आठव्या क्रमांकावर आलं. निव्वळ स्ट्रीमिंगच्या बळावर त्या यादीत आलेला तो पहिलाच अल्बम. पुढच्याच महिन्यात ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीने नियम बदलून विक्रीला न काढलेल्या, केवळ स्ट्रीमिंगवरच्या ध्वनिमुद्रणांना दार उघडलं. तसं करा अशी मागणी हजारो चाहत्यांच्या सह्यांनिशी आधीपासून चालू होती.

एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. लेबल टाळलं तरी गाणं कुणाच्या तरी मंचावरच ठेवावं लागतं. जुलै 2017 मध्ये साउंडक्लाउड या अशाच मंचाने एका फटक्यात 173 जणांना कामावरून कमी केलं आणि ते बंद पडणार अशी चर्चा सुरू झाली. चान्स ताबडतोब त्यांच्या प्रमुखाशी बोलला आणि तिथेच एक नवं गाणं टाकलं. हजारो स्वतंत्र कलाकारांची सगळी पुंजी त्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होती.

शहराचं देणं

24 सप्टेंबर 2016 ला चान्सने शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाच्या मैदानावर दिवसभराचा महोत्सव भरवला. 47 हजारांहून जास्त लोक आले. तिकिटं सुटताच काळाबाजारवाल्यांनी ती घेऊन ठेवली होती. चान्सने त्यांच्याकडून जवळपास दोन हजार तिकिटं स्वतः परत विकत घेतली आणि चाहत्यांसाठी पुन्हा विक्रीला ठेवली. नफ्याच्या दृष्टीने यात काहीच अर्थ नव्हता. पण तिकीट किती रुपयांत कुणाच्या हातात पडतं हाही त्याला आपल्या कामाचाच भाग वाटत होता.

शाळांचं प्रकरण याहून मोठं. डिसेंबर 2016 मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी शिकागोच्या सरकारी शाळांना मिळणारे 21 कोटी 50 लाख डॉलर रोखले. 3 मार्च 2017 ला चान्स त्यांना जाऊन भेटला. भेटीतून काही निघालं नाही हे त्याने बाहेर येऊन सरळ सांगितलं. तीनच दिवसांनी वेस्ट चॅटममधल्या एका प्राथमिक शाळेत पत्रकारांना बोलावून त्याने शाळांसाठी दहा लाख डॉलर जाहीर केले, आणि लोकांनी जमवलेल्या प्रत्येक एक लाखामागे एका शाळेला आणखी दहा हजार द्यायचं ठरवलं. राज्याने रोखलेल्या रकमेपुढे हे पैसे थोडे होते. पण गव्हर्नरला थेट जाब विचारताना त्याला कुठल्याही कंपनीच्या जनसंपर्क विभागाची परवानगी घ्यावी लागली नाही. जाहिरातीच्या दृष्टीने 'वादग्रस्त' ठरू शकेल असं पाऊल त्याने यशाच्या ऐन शिखरावर, ग्रॅमीनंतर महिन्याभराच्या आत टाकलं.

ताण

इथवरची बाजू उजळ आहे. पुढची बाजूही तितक्याच नीट मांडली पाहिजे.

चान्सच्या 2016 च्या दौऱ्यावर एमटीव्हीच्या वार्ताविभागाने एक टीकात्मक लेख छापला होता. तो नंतर काढून टाकला गेला. चान्सच्या बाजूने त्यावर आक्षेप घेतला गेला होता, हे 2017 मध्ये उघड झालं आणि त्यांनी ते नाकारलं नाही. लेख आम्हाला अपमानकारक वाटला, असं त्यांचं म्हणणं. मी चान्सच्या कामावर मनापासून प्रेम करतो, म्हणूनच हे मला खटकतं. आपल्या गाण्यावर कुणाची कात्री चालू न देणाऱ्याने लिहिणाऱ्याच्या वाक्यावर कात्री चालायला कारण होऊ नये. लेबल नव्हतं, पण तोवर चान्स स्वतःच एक वजनदार संस्था झाला होता, आणि त्या वजनाचा वापर झाला.

मग 26 जुलै 2019 चा 'द बिग डे'. हा त्याने विक्रीला ठेवलेला, 'पहिला अल्बम' म्हणून जाहीर केलेला संग्रह. 22 तुकडे, 77 मिनिटं, विषय त्याच्या लग्नाचा. बिलबोर्डच्या यादीत तो दुसऱ्या क्रमांकावर आला, पण चाहते नाराज झाले आणि त्याच्या आनंदाची सोशल मीडियावर टर उडवली गेली. दौरा आधी दुसऱ्या मुलीच्या जन्मासाठी पुढे ढकलला आणि डिसेंबरात रद्दच केला. अल्बम लांबला, सैल झाला, हे खरं आहे. सुखाबद्दल लिहिणं ही त्याची चूक मात्र मला वाटत नाही. 'कलरिंग बुक'ही सुखाचंच होतं, पण त्यातल्या प्रत्येक आनंदाला शेजारच्या दुःखाची जाणीव होती. ही जाणीव 'द बिग डे'त पातळ झाली. आणि अर्धी गाणी गाळ, असं ठामपणे सांगणारं कुणी त्या खोलीत होतं का, हा प्रश्न उरतोच. लेबलचा संपादक नको म्हटल्यावर स्वतःचा संपादक शोधावा लागतो.

2020 च्या एप्रिलमध्ये चान्स आणि कोरकोरन वेगळे झाले. वर्षाअखेरीस कोरकोरनने 30 लाख डॉलरच्या थकलेल्या कमिशनचा दावा लावला. सल्ला न जुमानता अल्बम घाईत काढला, हाही त्याचा आरोप होता. 2021 मध्ये चान्सने उलट दावा केला. कोण खरं ते मी ठरवणार नाही. माझं लक्ष वेधलं ते एका साध्या मुद्द्याने: दाव्यानुसार त्यांचा व्यवहार शेकडा 15 चा होता, आणि तो तोंडी होता. लेखी करार नाही. कंपनीच्या कागदावर सही न करता ज्याने सगळं उभं केलं, त्याच्या घरातल्या सर्वात महत्त्वाच्या नात्यालाही कागद नव्हता. मित्रांमित्रांत बँड करणाऱ्या, बीट देणारा आणि गाणारा यांच्यात 'बघू नंतर' म्हणून सोडून देणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबावं. वाटा किती, किती वर्षांसाठी, वेगळं झाल्यावर काय, हे एका पानावर मराठीतसुद्धा लिहिता येतं. मैत्री असतानाच ते लिहून होतं, बिघडल्यावर लिहिता येत नाही.

सहा वर्षं

'द बिग डे'नंतर पुढचा अल्बम यायला सहा वर्षं लागली. लेबलच्या करारात इतकी वाट बहुधा कुणी पाहिली नसती. मधल्या काळात त्याने सुटी गाणी काढली, 'द व्हॉइस' या टीव्ही स्पर्धेत दोन हंगाम प्रशिक्षक म्हणून बसला, आणि घानाला गेला. जानेवारी 2023 मध्ये त्याने आणि त्याचा जुना शिकागोकर साथी विक मेन्सा याने घानाची राजधानी आक्रा इथल्या चौकात एक मोफत महोत्सव केला. त्याचं नाव जमैकाचा कृष्णवर्णीय नेता मार्कस गार्व्हीने 1919 मध्ये काढलेल्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीवरून घेतलं होतं. जगभरातल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या मालकीच्या जहाजांनी व्यापार करावा, प्रवास करावा, हे गार्व्हीचं स्वप्न होतं. कंपनी काही वर्षांतच बुडाली, पण मालकीची ती ओढ शंभर वर्षं टिकून राहिली.

15 ऑगस्ट 2025 ला आलेल्या त्याच्या अल्बमचं नाव 'स्टार लाइन'. याही वेळी लेबल नव्हतं. 2016 सारखी लाट उसळली नाही, पण समीक्षकांनी 'द बिग डे'पेक्षा त्याचं स्वागत कितीतरी मोकळ्या मनाने केलं. मला यातला चान्स सावकाश बोलणारा, खोल गेलेला वाटतो. तुरुंग, चर्च, शहरातली उपेक्षा, स्वतःचं मोडलेलं घर, सगळं त्याने आत घेतलं आहे आणि ओळी पुन्हा घट्ट विणल्या आहेत.